तीन नावांची यादी

कुर्बानभाईने वाळत घातलेल्या तुरीतून एक दाणा उचलला, फुंकर मारली, उजव्या गालात सरकवला आणि डोळे मिटले. भोवतीची माणसं गप्प झाली. मिलीचे मालक ओमप्रकाश शेठजी यांनी तर पुण्याहून आलेल्या मॅडमकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. 'कट्' असा बारीक आवाज झाला. कुर्बानभाईने दाण्याचे तुकडे तळहातावर घेतले, बोटाने उलटेपालटे केले आणि म्हणाला,

"अजून एक ऊन लागते."

"पाहा!" शेठजींनी मांडीवर थाप मारली. "हे आमचं मशीन. तीस वर्षं झाले, ना तेल लागते ना लाइट. हा माणूस हो म्हणत नाई तोवर माह्या मिलीत एक दाना रोलरवर चढत नाई."

मॅडम लिहून घेत होत्या. "एक ऊन म्हणजे किती तास, चाचा?"

"तास कोनं मोजले, मॅडम? ऊन म्हणजे ऊन."

"पण किती?"

"आजचं."

मॅडमनी 'आजचं' लिहिलं आणि खोडलं.

त्यांचं नाव प्राजक्ता. वय सव्वीस. पुण्याची एक खाद्यपदार्थांची कंपनी शेठजींची अकोल्याची डाळमिल विकत घेणार होती. जमीन, रोलर, मोटरी आणि गोदामातला माल यांची किंमत करायला दोन माणसं आधीच येऊन गेली होती. त्यांनी गंजलेला पत्रासुद्धा सोडला नव्हता. प्राजक्ताकडे उरलेलं काम होतं. जे काट्यावर चढत नाही ते मोजायचं. कोणाला काय येतं, आणि तो माणूस उद्या आला नाही तर मिलीला किती खोट बसेल. खाद्य आणि पेय कंपन्यांमधलं ज्ञान-भांडवल आणि त्यांचा नफा, यावरच तिने कॉलेजात प्रबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. ती तिवशाच्या एका मास्तरांची मुलगी. वऱ्हाडी तिला पुरती कळायची. बोलायची मात्र पुण्याचं, नवी चप्पल चिखलातून जपून न्यावी तसं.

तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. पण दाणा उचलण्याआधी कुर्बानभाईने ओट्याच्या पलीकडच्या टोकाला एकदा पाहिलं होतं, ते तिच्याकडून सुटलं.

ओटा म्हणजे सिमेंटचं एकरभर पटांगण. तुरीला तेलाचा हात द्यायचा, पाणी शिंपायचं, रात्रभर ढीग घालायचा आणि मग दोन-तीन दिवस या ओट्यावर पसरून वाळवायची, म्हणजे साल सुटतं आणि डाळ अखंड निघते. उन्हं कमी पडली तर साल सुटत नाही, जास्त झाली तर रोलरखाली डाळीचा चुरा होतो. पसरलेली तूर सारखी खालीवर करावी लागते, आणि ते काम बायका पायांनी करतात. एका रांगेत पाय ओढत जायचं आणि तुरीत नांगरासारखे तास पाडत यायचं. मार्चमध्येच सिमेंट असं तापतं की बायका पायांत जुने मोजे चढवतात, चिंध्या बांधतात. एकटी सत्यभामा अनवाणी चालायची.

चार वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात कुर्बानभाईच्या उजव्या बाजूच्या राहिलेल्या दोन दाढा काढल्या. डावीकडच्या त्याआधीच गेल्या होत्या. उरलेल्या दातांनी दाणा फुटायचा, पण सांगत काही नव्हता. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने ओली तूर 'झाली' म्हणून सोडली आणि निम्म्या दिवसाचा माल वाया गेला. शेठजींनी दोष मजुरांना दिला. संध्याकाळी पाटी ठेवायच्या निमित्ताने सत्यभामा जवळ आली आणि खाली बघत म्हणाली,

"भाऊ, तूर झाली की मले पायाले समजते. झाली तं टोचते. नाई झाली तं दबते. मी सांगत जाऊ का? कोनाले पता नाई लागणार."

तेव्हापासून तसं ठरलं. झाली असेल तर ती चालता चालता थांबायची, जणू पायात काही रुतलं. नसेल झाली तर चालत राहायची. कुर्बानभाई एकदा तिच्याकडे पाहायचा, दाणा उचलायचा, डोळे मिटायचा आणि लोक गप्प व्हायचे. त्याला महिन्याला बेचाळीसशे मिळायचे. तिची रोजी पंचेचाळीस रुपये.

*

"चाचा, मला एक कोडं पडलंय," दुसऱ्या दिवशी प्राजक्ता म्हणाली. शेठजींच्या ऑफिसात तिने अकरा वर्षांची रजिस्टरं पसरली होती. त्यांत रोजचा उतारा लिहिलेला होता. म्हणजे शंभर किलो तुरीतून किती किलो डाळ निघाली ते. "चौऱ्याहत्तर, साडेचौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. मोठमोठ्या कंपन्यांना जमत नाही इतका उतारा. पण दर कार्तिकात चार दिवस तो बहात्तरवर येतो. म्हणजे रोजची क्विंटल-दीड क्विंटल डाळ गेली. त्यातही फक्त गेल्या चार कार्तिकांत. आधी कधीच नाही."

कुर्बानभाई टोपीची कड चाचपत उभा राहिला.

"आधी मला वाटलं, तुम्ही रजेवर असाल. पण तुम्ही हजर आहात. मग त्या चार दिवसांत कोण नसतं?"

कोण नसतं ते त्याला माहीत होतं. कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा असते, आणि सत्यभामेचं माहेर तिथून कोसावर. वर्षातून तेवढे चार दिवस ती घ्यायची.

"कार्तिकात आभाळ येते, मॅडम."

"चारही वर्षं? त्याच चार दिवशी?"

"आमच्या अकोल्याचे ढग लय नेमाचे हायेत."

प्राजक्ता हसली. पेन्सिलीने तिने समासात 'ढगाळ हवामान?' असं लिहिलं. प्रश्नचिन्ह जरा मोठं काढलं.

"बरं, दुसरं काम. ज्यांच्यावाचून ही मिल चालणार नाही अशा माणसांची यादी मला हवी आहे. पाच-सहा नावं. ओट्यावरचं तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही असं शेठजी म्हणाले. आणि घाबरू नका, चाचा. ही चांगली यादी आहे."

त्याने मान डोलावली. पण त्या 'चांगली'नेच घात केला.

कारण अकोल्यात त्या वर्षांत माणसं यादी या गोष्टीला ओळखून होती. कुर्बानभाईचा थोरला भाऊ तनवीर सूतगिरणीत होता. तिथेही असाच एक गोड बोलणारा साहेब आला होता. 'कुशल कामगारांची नोंद' म्हणून त्याने नावं लिहून नेली. आठ दिवसांनी तीच नावं, त्याच क्रमाने, बंद गेटवर डकवलेली होती. पहिलं नाव तनवीरचं. नंतर कापसाच्या दोन जिनिंग बंद पडल्या, तिथेही आधी यादी निघाली. आणि गेटबाहेरचं चित्र तर रोज दिसतच होतं: कापसाचा भाव पडला की गावागावांतून बायका सकाळच्या पॅसेंजरने अकोल्याला यायच्या. ओट्यावर काम चाळीस जणींचं, गेटबाहेर बसलेल्या सव्वाशे. अशात कोणी पुण्याहून येतो आणि विचारतो, तुमच्यातली हुशार माणसं कोणती. हुशार माणूस महाग असतो. विकत घेणारा आधी महाग तेच कापतो. हा हिशोब कुर्बानभाईला पाठ होता, आणि त्याच्या अनुभवात तो एकदाही चुकला नव्हता.

*

जेवणाच्या सुट्टीत बातमी ओट्यावर पोचलीच. बायका गोदामाच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या.

"भाऊ, माह्यं नाव टाका न यादीत," गोदाबाई ओरडली. ती ओट्यावरची सर्वांत जुनी आणि सर्वांत तोंडाळ. "पुण्याले तरी पाहून येईन."

"तुमाले नेलं तं पुण्याचे लोक अकोल्याले पळून येतीन," कुर्बानभाई म्हणाला.

"येऊ द्या. त्याईलेही ओट्यावर चालवू. पाय भाजले म्हणजे समजंन शुद्ध भाषा कशी निंगते ते."

हशा पिकला. सत्यभामा हसली नाही. सगळ्या उठल्यावर ती डबा धुण्याच्या निमित्ताने नळाशी थांबली.

"भाऊ, खरंच यादी करून राहिले?"

"हो."

"माह्यं नाव येऊ देऊ नका जी. पोराचं लगन ठरून राहिलं. औंदा ओटा सुटला तं पोरगीवाले काय म्हणतीन?"

"तुमचं नाव कोनाच्या बापाले दिसणार नाई."

"अन् मॅडमनं तोंडानंच विचारलं तं?"

"तं मी हावो न."

तिने डबा पालथा घालून झटकला आणि ओट्यावर गेली.

संध्याकाळी कुर्बानभाई मुलाच्या, शाकीबच्या, मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसला. त्याला लिहिता यायचं, पण अक्षर वाकडं. पुण्याच्या कागदावर वाकडं अक्षर नको. शाकीब पेन घेऊन बसला.

"लिख. एक. नत्थुजी, रोलर."

नत्थुजी दिवाळीला रिटायर होणार होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोलर आता तो हाताने चाचपून चालवायचा. त्याला चार महिने आधी काढलं काय, नंतर काढलं काय.

"दो. पंजाबराव, काटा."

पंजाबराव मोठ्या काट्यावर बसायचा. बसायचा म्हणजे झोपायचा. ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हरने हॉर्न द्यायचा, मग पंजाबराव डोळे उघडून आकडा लिहायचा. शिवाय दर महिन्याला तो कुर्बानभाईला विचारायचा की नुसता दाणा चावायचे बेचाळीसशे म्हणजे दाण्यामागे किती पडले. त्याचं नाव सांगताना कुर्बानभाईला फार बरं वाटलं. इतकं की जरा लाजही वाटली.

"और?"

"तीन. कुर्बान."

शाकीबने पेन उचललं. "अब्बा, अपना नाम क्यों?"

"मेरा क्या है. अठ्ठावन का हो गया. तेरी दुकान चल री. उनको नाम होना, नाम दे दिया. खाली यादी दिये तो वो खुद ढूंढते."

शाकीबने नाव लिहिलं. खाली रेघ ओढली. घरी शाकीबच्या आईला, आयशाबीला, यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं.

*

"तीनच?" प्राजक्ताने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. ती ओट्याच्या कडेला उभी होती आणि बायका पाय ओढत जवळूनच जात होत्या. "काट्यावरचे पंजाबरावसुद्धा? मी गेले तेव्हा ते झोपले होते."

"त्याईच्या डोक्यात लय हाये, मॅडम. म्हणून डोकं जड होते."

"आणि या बायका? यांच्यापैकी एकही नाही? अकरा-अकरा वर्षं काम करतायत."

कुर्बानभाईने ओट्याकडे पाहिलं. सत्यभामा चार हातांवर होती. तिचा पाय अडखळला, पण ती थांबली नाही.

"बायकाईले काय येते, मॅडम?" तो म्हणाला. नेहमीपेक्षा मोठ्याने. "पाय ओढतेत. याच्यात डोक्याचं काय काम?"

प्राजक्ताने त्याच्याकडे पाहिलं. काही तरी विचारावं असं तिला वाटलं असावं. पेन तिने दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. मग तिने लिहून घेतलं. दुपारची गाडी गाठायची होती आणि अमरावतीच्या आणखी दोन कारखान्यांचे फॉर्म भरायचे राहिले होते.

रांग वळून परत आली तेव्हा सत्यभामेने डोक्यावरचा पदर सारखा करता करता कुर्बानभाईकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ त्याला कळला. त्या दिवशी तो घरी गेला तो छाती पुढे काढून.

*

पावसाळ्यात ओटा दरवर्षीच बंद असतो. बायका निंदायला गावोगाव जातात आणि दसऱ्यानंतर परततात. त्या वर्षी परतल्या तेव्हा गेटवर नवी पाटी होती. ओट्याचं सिमेंट फोडून तिथे लांबलचक शेड उभी राहिली होती आणि शेडमध्ये गरम हवेचा ड्रायर घुमत होता. नव्या मॅनेजरने बायकांना आत घेऊन चहा दिला, एकेक साडी दिली, पंधरा दिवसांची रोजी दिली आणि सह्या-अंगठे घेतले. सगळं पाऊण तासात आटोपलं. गोदाबाई जाताना साडीचा पोत बोटांनी पाहत म्हणाली, "चाळीस बायका अन् एकच रंग. पुण्यात दुसरा भेटला नाई वाटते." तिच्या बोलण्याला त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात तीन माणसांना इंग्रजीतली पत्रं आली. कुर्बानभाईचं पत्र शाकीबने वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून तिसऱ्यांदा वाचलं. कंपनीने कुर्बान यांना आपल्या ज्ञान-भांडवलाचा महत्त्वाचा भाग मानलं होतं. पगार सात हजार. तीन वर्षं टिकले तर वर पन्नास हजार.

"अब्बा, ये वोइच लिस्ट है. जिनको रखने का था, उनकी."

कुर्बानभाई दुकानातल्या स्टुलावर बसून राहिला. बाहेर एक गिऱ्हाईक दहाचं रिचार्ज मागत होतं. शाकीबने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे त्याने पाय आत घेऊन गिऱ्हाइकाला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन अख्ख्या मिलीत फिरला. "मी काय म्हणत होतो, कुर्बानभाई? मानसाची किंमत कोनाले ना कोनाले तं समजतेच!" त्याने कुर्बानभाईला आग्रहाने दोन पेढे दिले आणि त्या दिवशी चक्क साडेतीन वाजेपर्यंत जागा राहिला. नत्थुजीला रिटायर होऊ दिलं नाही. कंपनीने त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दिलं. डोळे आल्यावर त्याने पहिल्यांदा रोलर नीट पाहिला आणि म्हणाला, "अरे, हा तं हिरवा हाये."

कुर्बानभाईसाठी कंपनीने एक तक्ता बनवला. रोज चार वाजता ड्रायरमधून आलेला दाणा त्याने चावायचा आणि एक ते पाच यांतला आकडा सांगायचा. एक मुलगी तो कॉम्प्युटरवर चढवायची. पहिल्या दिवशी दाणा तोंडात टाकून त्याने सवयीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. समोर पत्र्याची भिंत होती. त्याने डोळे मिटले.

"चार," तो म्हणाला.

त्यानंतर कधी तीन, कधी चार. पाच त्याने एकदाही सांगितलं नाही. तेवढी लाज त्याने राखली.

*

जानेवारीत प्राजक्ता आली ती आकड्यांसाठीच. नव्या मशिनीवर उतारा एकाहत्तर-बहात्तरच्या वर जायला तयार नव्हता, आणि कंपनीने तिला विचारलं होतं की ज्याची एवढी किंमत केली ते भांडवल गेलं कुठे. तिने कुर्बानभाईला शेडच्या मागे बोलावलं. फुटलेल्या ओट्याचे तुकडे तिथे ढीग घालून ठेवले होते. ती त्यातल्याच एकावर बसली आणि पिशवीतून एक कागद काढला.

"कृषी विद्यापीठातून हवामानाची नोंद आणली, चाचा. चार कार्तिक. आभाळ निरभ्र. एक ढग नाही."

कुर्बानभाईने टोपी काढून हातात घेतली.

"मग मी बायकांच्या रोजीच्या वह्या मागवल्या. शेठजींच्या घरच्या माळ्यावर होत्या, निम्म्या उंदरांनी खाल्लेल्या. त्या चार दिवसांत चारही वर्षं एकच बाई नाही." तिने नाव घेतलं नाही. "तिला काय येत होतं?"

त्याने सांगितलं. दाढांचं सांगितलं, पायांचं सांगितलं, थांबण्याचं आणि चालत राहण्याचं सांगितलं. भावाच्या यादीचंही सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. चार वर्षं लपवलेली गोष्ट सांगायला एवढाच वेळ लागतो याचं त्यालाच नवल वाटलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," प्राजक्ता म्हणाली. "चांगली यादी आहे म्हणून."

"सांगतलं होतं, बेटी. सगळेच तसंच सांगतेत."

तिने हवामानाचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. मग तिच्या तोंडून तिवशाची भाषा आली; कुर्बानभाईने ती तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकली. "माह्या फॉर्मात एकच रकाना होता. 'डोक्यात काय आहे.' तुमी म्हटलं पाय ओढतेत, ते मी तसंच्या तसं टाइप केलं. अवतरणचिन्हं लावून. माह्या साहेबाले ते वाक्य लय आवडलं."

"आता तिले बोलावता येते का?"

"बोलावून चालवू कशावर?" प्राजक्ताने हात खाली नेला आणि बसल्या जागेचं सिमेंट दाखवलं.

"मंग माह्यं नाव काटा त्या कागदावरून."

"ते खोडलं तर मला लिहावं लागेल की मी विचारलं, आणि तुम्ही जे म्हणालात ते ऐकून गाडी पकडली." ती पुन्हा पुण्याच्या भाषेत गेली होती. "मी लिहिणार आहे की ड्रायरचं तापमान चुकतंय. ते खोटंही नाही."

जाताना तिने विचारलं, "ती कुठे असते आता?"

"म्हायेरी गेली म्हणतेत."

"भेटलात?"

"नाई."

*

रविवारी तो अमरावतीला उतरला, तिथून तिवशाच्या एस.टी.त बसला आणि पुढे काळीपिवळी जीपने गेला. वाटेभर त्याने एकच वाक्य घोळवलं. बाई, ती यादी ठेवायची होती. यापुढचं काही त्याला जुळत नव्हतं. पण तिवसा येईपर्यंत एवढं वाक्य तरी पाठ झालं.

सत्यभामा भावाच्या शेतात हरभरा सोंगत होती. त्याला पाहून तिने विळा कमरेला खोचला आणि लगबगीने बांधावर आली. पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या. तिने भाच्याला घराकडे पिटाळून चहा मागवला, लिंबाखाली पोतं अंथरलं आणि सगळ्यांची विचारपूस केली. आयशाबीचे गुडघे, शाकीबचं दुकान, गोदाबाईचा पत्ता. सगळी उत्तरं देऊन झाल्यावर त्याने घसा साफ केला.

"बाई, त्या यादीचं—"

"तेच म्हणतो मी, भाऊ," ती म्हणाली. "तुमी शब्द पाळला. मले वाटलं नव्हतं. मानूस वख्ताले बदलते. पण मॅडमनं विचारलं तवा मी चार हातावर होतो, सगळं ऐकलं. बायकाईले काय येते म्हणे! एवढ्या जोरानं सख्खा भाऊ नसता बोलला माह्यासाठी."

कुर्बानभाईने तिच्याकडे पाहिलं. ती मनापासून बोलत होती.

"मंग पुढं सगळ्यायचंच गेलं, त्याले तुमी तरी काय करान. पण तवा लोकायच्या तोंडी माह्यं नाव नाई आलं, म्हणून पोराचं लगन तं लागलं. आईचं काम हाये म्हणून त्याईनं पोरगी देली. मी घरी सांगतलं सगळ्याले, कुर्बानभाऊनं वाचवलं."

चहा आला. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला. चहा फार गरम होता, तरी त्याने एक घोट घेतला.

"एक काम होतं, भाऊ. सांगू का?" सत्यभामा पोत्यावर जरा पुढे सरकली. "माही सून तुमच्याच मिलीत लागली, पाकिटं भरायले. दोन महिने झाले. हात लय चालते तिचा. वजन न करता पाकीट भरते, काट्यावर ठेवलं तं दोन ग्रामचाही फरक नाई म्हणते. आता तठी पुन्हा कागद फिरून राहिला. मॅनेजरनं नावं मागतले. तुमी आता मोठे झाले तठी, तुमाले विचारतीनच." तिने आवाज खाली आणला. "जसं माह्यं केलं, तसंच तिचं करजा."

वावरात कोणी तरी बैलाला हाकलत होतं. कुर्बानभाईने पेला खाली ठेवला. पाठ केलेलं वाक्य अजून तोंडात होतं. त्याने ते गिळलं, शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि मागची बाजू कोरी असलेला एखादा कागद आहे का म्हणून खिसे चाचपू लागला.

"नाव काय तिचं?"

"दुर्गा."

"पुरं सांगा, बाई. बापाचं, नवऱ्याचं, आडनाव. सगळं."

सत्यभामा हसली. "काटायले पुरं नाव कायले लागते, भाऊ?"

एस.टी.चं तिकीट गुडघ्यावर सपाट करून तो पेन उघडून तसाच बसून राहिला.